सरपण घरून नेऊ नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत तिथल्या स्टेट पार्कमधल्या कॅम्पिंगवर लेख येऊ लागतात. आरक्षण कधी करावे, तंबू केवढा घ्यावा, पायवाटा कोणत्या चांगल्या, हे सगळे त्यांत असते आणि ते उपयोगाचेही असते. सरपणाबद्दल मात्र एक तर काहीच नसते, नाहीतर ‘घरामागची सुकी लाकडे डिकीत टाकून न्या, पार्कात महाग पडतात’ असा सल्ला असतो. हा सल्ला जंगलाच्या जिवावर उठणारा आहे आणि अनेक राज्यांत तो पाळणे बेकायदाही आहे. त्यामागची कारणे आणि शेकोटी, अन्न, तंबू यांबद्दलचे थोडे बारकावे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावेत, म्हणून हे पत्र.

आधी एक गल्लत दूर करतो. स्टेट पार्क म्हणजे नॅशनल पार्क नव्हे. स्टेट पार्क ते ते राज्य चालवते, त्यामुळे नियम, आरक्षणाची मुदत आणि शुल्क राज्यागणिक बदलते आणि नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालत नाही. ही परंपरा जुनी आहे. योसेमिटीची दरी १८६४ मध्ये केंद्राने कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली होती, ती १९०६ मध्ये परत केंद्राकडे गेली. मिसिसिपीच्या उगमाजवळचे मिनेसोटातले इटास्का स्टेट पार्क १८९१ चे. न्यू यॉर्कच्या उत्तरेकडचे अ‍ॅडिरॉन्डॅक १८९२ चे. तिथली सरकारी मालकीची वने कायमची रानच राहतील, हे त्या राज्याने १८९४ मध्ये आपल्या घटनेतच लिहून ठेवले. मेन राज्यातल्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आजही वीज नाही, नळ नाही, पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. अशा ठिकाणी आपण बागेत नव्हे, रानात उतरतो.

आता सरपण. २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा आशियातून आलेला हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. भुंगेरा जेमतेम अर्ध्या इंचाचा. नुकसान त्याची अळी करते. अळी सालीच्या आत राहते आणि पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणारा थर पोखरत जाते. तो थर सगळीकडून तुटला की मुळे उपाशी पडतात आणि झाड शेंड्याकडून वाळत येते. अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडे या किड्याने अशी मारली आहेत. लागण झालेल्या लाकडाची साल सोलून पाहिली तर आत नागमोडी बोगदे दिसतात आणि त्यांत भुसा गच्च भरलेला असतो. सालीवर बाहेर पडण्याची भोके असतात, सुमारे तीन-चार मिलिमीटरची, एक बाजू सपाट आणि दुसरी गोल, अर्ध्या चकतीसारखी. हा भुंगेरा स्वतःच्या पंखांवर वर्षाला फार तर काही मैल पुढे सरकतो. शेकडो मैलांची उडी त्याला माणसाच्या गाडीतून मिळाली. शुक्रवारी डिकीत घातलेले चार ओंडके, त्यांतले दोन जळतात, दोन शेकोटीशेजारी राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांतून भुंगेरे बाहेर पडतात.

यावर लोकांचे नेहमीचे म्हणणे असे की आमचे लाकूड वर्षभर वाळलेले आहे. वाळलेले म्हणजे किडीविना असे होत नाही. सालीखालच्या ओलसर थरात अळी दीर्घकाळ तग धरू शकते आणि वाळत ठेवलेल्या ढिगावरही नवे किडे येऊन बसतात. साल काढूनही भागत नाही, कारण मेपलवर येणारा आशियाई लांब मिशांचा भुंगेरा, जो १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये सापडला, त्याची अळी थेट गाभ्यात शिरते. ओकच्या झाडांना मारणारी बुरशीही अशीच लाकडाबरोबर प्रवास करते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून लाकूड स्वच्छ, असे धरून चालता येत नाही.

म्हणूनच न्यू यॉर्क राज्याने २००९ पासून नियम केला की प्रक्रिया न केलेले सरपण ते जिथून मिळाले तिथून ५० मैलांपलीकडे नेता येणार नाही आणि त्या अंतरातही ते कुठले आहे याचा कागद जवळ हवा. लांबून नेण्याची मुभा फक्त उष्णतेची प्रक्रिया केलेल्या लाकडाला आहे. ही प्रक्रिया म्हणजे ७१ अंश सेल्सियस तापमान ७५ मिनिटे टिकवणे. इथे खरेदी करताना एक चूक होते. वेष्टनावर ‘भट्टीत वाळवलेले’ लिहिलेले असले म्हणजे ‘उष्णतेची प्रक्रिया केलेले’ असतेच असे नाही. पहिल्यात फक्त ओल काढलेली असू शकते. प्रमाणित प्रक्रियेची खूण वेष्टनावर छापलेली असते, ती बघून घ्यावी. केंद्र सरकारने या भुंगेऱ्यासाठीचे देशव्यापी निर्बंध जानेवारी २०२१ मध्ये उठवले, त्यावरून ‘आता बंदी नाही’ असे काहीजण सांगतात. किडा आटोक्यात आला म्हणून ते उठले नाहीत. तो इतका पसरला होता की त्या मार्गाने त्याला थोपवणे शक्य राहिले नाही. राज्यांचे आणि पार्कांचे आपापले नियम कायम आहेत आणि जाण्यापूर्वी त्या पार्कच्या पानावर ते बघणे हाच एक खात्रीचा उपाय.

सोपी रीत अशी: जिथे जाळायचे तिथलेच घ्यावे. बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये किंवा वाटेवरच्या दुकानांत मोळी मिळते. एक मोळी साधारण पाऊण घनफूट भरते आणि बेताने जाळली तर दीड-दोन तास पुरते. संध्याकाळच्या शेकोटीला दोन मोळ्या खूप झाल्या. उरलेले लाकूड घरी आणू नये, शेजारच्या तंबूतल्यांना द्यावे. ‘तिथेच गोळा करू’ हेही सगळीकडे चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांत खाली पडलेले लाकूडसुद्धा उचलायला मनाई आहे. पडलेला ओंडका कुजतो तेव्हाच त्यातले सत्त्व मातीत परत जाते आणि तोवर त्याच्याखाली किडे, गांडुळे, पालीसारखे दिसणारे सॅलमँडर राहतात. शेकडो तंबूंनी रोज थोडे थोडे उचलले तर कॅम्पग्राउंडभोवतीची जमीन उघडी पडते. जिथे गोळा करायची परवानगी आहे तिथेही सुटे, मेलेले आणि जमिनीवर पडलेले एवढेच घ्यावे. उभे वाळलेले झाड तोडू नये, त्याच्या ढोलीत कोणीतरी राहत असते.

विकत घेतलेली मोळी बऱ्याचदा ओली निघते, कारण ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असते. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघावेत. सुक्याचा खणखणीत आवाज येतो, ओल्याचा बद्द. सुक्या तुकड्याच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि तो हाताला हलका लागतो. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते नीट पेटते. त्याहून जास्त असेल तर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि पदरात धूर पडतो. असे लाकूड मिळालेच तर कुऱ्हाडीने फोडून आतली कोरडी बाजू आचेकडे करून ठेवावी.

शेकोटी न पेटण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. कागद आणि मोठा ओंडका यांच्यामधला टप्पा गाळलेला असतो. काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या मूठभर, बोटाएवढ्या जाड काटक्या दोन मुठी, मग मनगटाएवढी लाकडे, असे क्रमाने जायला हवे. काटक्या उभ्या, टोके एकत्र टेकवून रचाव्यात, मध्ये हवेला जागा ठेवावी आणि वारा येतो त्या बाजूने खालून काडी लावावी. रॉकेल, पेट्रोल ओतू नये. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच ओतणाऱ्याच्या पायाशी भडका उडतो. जाळ गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नये आणि तो पार्कने बसवलेल्या लोखंडी कड्याच्या आतच असावा. कड्याबाहेर स्वतःची चूल मांडू नये. जंगलातल्या जमिनीवर पालापाचोळा आणि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्याचा थर असतो. तो आतल्या आत धुमसतो, मुळांच्या कडेने सरकतो आणि पेटवणारे घरी पोहोचल्यावर दुसरीकडेच वर येतो. ओढ्यातले दगडही चुलीला लावू नयेत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

वेलाची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पॉयझन आयव्ही नावाचा वेल अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत सगळीकडे आहे. तीन-तीनच्या जुडग्यात पाने आणि खोडावर चढलेला जुना वेल असेल तर त्याला केसाळ मुळे. त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. हा वेल आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला, आणि बिब्बा उततो म्हणजे काय होते हे जुन्या घरांतून ठाऊक असते. हिवाळ्यात पाने गळाल्यावरही वेलात तेल असतेच. असा वेल चिकटलेले लाकूड जाळले तर तेल धुराबरोबर उडते आणि घशात, फुप्फुसात जाते. त्यात दवाखाना गाठावा लागतो. म्हणून केसाळ दोरी चिकटलेले लाकूड शेकोटीत टाकू नये. हात लागलाच तर लगेच साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावा, कपडे वेगळे धुवावेत.

आता विझवणे. अमेरिकेतले सुमारे ८५ टक्के वणवे माणसांमुळे लागतात आणि विझली असे समजून सोडलेली शेकोटी हे त्यातले एक नेहमीचे कारण. झोपण्याच्या किंवा निघण्याच्या तासभर आधीच नवे लाकूड घालणे थांबवावे आणि आहे ते राखेपर्यंत जळू द्यावे. मग पाणी ओतायचे, लाल दिसतात त्या निखाऱ्यांवर आणि काळ्या दिसतात त्यांच्यावरही. सर्र असा आवाज थांबेपर्यंत ओतत राहायचे. नंतर फावड्याने किंवा जाड काठीने सगळे ढवळायचे, ओंडके उलटे करून खालची बाजू खरवडायची, कड्याच्या आतल्या कडेला चिकटलेले निखारेही काढायचे. पुन्हा पाणी. शेवटी राखेचा ओला चिखल झाला की हाताची मागची बाजू आधी वर धरून, मग अगदी जवळ नेऊन बघायची. ऊब लागत असेल तर पहिल्यापासून पुन्हा सुरू. एका तांब्याने हे होत नाही, दोन मोठ्या बादल्या तरी लागतात, आणि पहिली बादली काडी ओढण्याआधीच शेजारी भरून ठेवलेली हवी.

माती टाकून विझवणे ही सर्वात धोक्याची सवय आहे. मातीखाली निखारे दुलईत गुंडाळल्यासारखे ऊब धरून राहतात, दुसऱ्या दिवशीपर्यंतही. वरून थंड दिसणाऱ्या मातीवर कोणाचे तरी अनवाणी मूल पाय ठेवते, नाहीतर दुपारच्या वाऱ्याने माती उडून निखारा उघडा पडतो. पाणीच नसेल तर मातीत निखारे सुटे करून, हाताला थंड लागेपर्यंत ढवळत बसावे लागते. कडे भरून माती लोटून निघून जाणे म्हणजे विझवणे नव्हे. शेकोटीत प्लास्टिक, बाटल्या, डबेही टाकू नयेत. अ‍ॅल्युमिनियमचा कागद जळत नाही, त्याचे तुकडे राखेत राहतात आणि अन्नाच्या वासाने प्राणी ते चघळतात. कोरड्या हवेत पार्क शेकोटीवर बंदी घालते. तेव्हा कोळशाची शेगडीही सहसा बंद असते, चावीने बंद करता येणारा गॅसचा स्टोव्ह अनेकदा चालतो. फाटकावरची पाटी वाचावी आणि शंका असेल तर विचारावे.

अन्नाबद्दल ‘अस्वलांपासून जपा’ एवढेच लिहून थांबणे पुरेसे नाही. पूर्वेकडच्या जंगलांतले काळे अस्वल सहसा माणसाला टाळते. पण ते वासामागे येते आणि एकदा तंबूत खायला मिळाले की पुन्हा पुन्हा येते. अशा धीट झालेल्या अस्वलाला शेवटी मारावे लागते. ‘अन्न’ या शब्दात टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचे मलम, सनस्क्रीन, कुत्र्याचे खाणे, रिकामा कूलर आणि कचऱ्याची पिशवी हे सगळे धरावे. यातले काहीही तंबूत नसावे. पार्कने लोखंडी पेटी दिली असेल तर त्यात, नसेल तर काचा बंद केलेल्या गाडीत ठेवावे. अ‍ॅडिरॉन्डॅकच्या हाय पीक्स भागाच्या पूर्वेकडे पाठीवर सामान घेऊन मुक्काम करायचा असेल तर १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर या काळात अस्वलाला न उघडणारा कडक डबा बरोबर असणे सक्तीचे आहे. अस्वल नसलेल्या पार्कातही रॅकून असतात आणि कूलरची साधी कडी ते सहज उघडतात. भांडी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली विसळू नयेत. तिथे साचणाऱ्या खरकट्यावर गांधीलमाश्या आणि प्राणी जमतात. त्यासाठी वेगळे मोरीचे ठिकाण असते. नसेल तर पाणी गाळून, खरकटे कचऱ्यात टाकून, ते पाणी ओढ्यातळ्यापासून किमान ६० मीटर लांब पसरवून टाकावे.

तंबूची जागा निवडताना आधी वर बघावे. वाळलेली फांदी किंवा दुसऱ्या झाडात अडकून राहिलेला तुकडा डोक्यावर असेल तर ती जागा सोडावी. अशा फांद्या पडायला वादळ लागतेच असे नाही. मग खाली बघावे. सपाट पण किंचित उंचवट्याची जागा हवी, खळगा नको. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन-तीन इंच लहान असावी किंवा आत दुमडावी. बाहेर आलेली ताडपत्री वरून गळणारे पाणी झेलते आणि तंबूखाली घेते. लोक मग तंबूला दोष देतात. सकाळी आतून भिंती ओल्या दिसतात, तो बहुतेक वेळा पाऊस नसतो, आपल्याच श्वासातली वाफ असते. थंडी वाजते म्हणून झरोके बंद केले की ती वाढते. आणि थंडी खालून येते. हवा भरायच्या जाड गादीत आतली हवा फिरत राहते आणि शरीराची ऊब जमिनीला देते, म्हणून झोपण्याच्या चटईवर लिहिलेला आर आकडा (खालची थंडी किती अडते त्याचे माप) बघून घ्यावा. रात्री गारवा असेल तर तो तीनच्या वर असावा.

गारठ्यावर उपाय म्हणून कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह तंबूत मात्र कदापि घेऊ नये, अगदी विझल्यासारखी वाटणारी शेगडीसुद्धा. राखेखालचा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

गोचिडांबद्दल थोडक्यात. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि मे ते जुलै हा त्यांचा मुख्य काळ. पँट मोज्यांत खोचावी, कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवून घ्यावे (हे अंगाला लावायचे नाही), आणि रोज संध्याकाळी काखा, गुडघ्यामागची बाजू, कंबर, केस तपासावेत. चिकटलेली गोचीड टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडीची आच, नेलपॉलिश असले प्रयोग करू नयेत. जंतू शरीरात जायला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून रोज तपासण्याला इतके महत्त्व. घरी आल्यावर कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवले की राहिलेल्या मरतात.

निघतानाही एक काम असते. पेनसिल्व्हेनियात २०१४ मध्ये सापडलेला स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाचा किडा अंडी कुठेही घालतो: गाडीच्या चाकाच्या कमानीखाली, दुमडलेल्या खुर्चीच्या नळीवर, ताडपत्रीच्या मागे. वाळलेल्या चिखलाचा राखाडी थापा दिसतो आणि त्यात तीस ते पन्नास अंडी असतात. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत लागण झालेल्या भागातून परतताना तंबू, खुर्च्या आणि गाडीचा तळ बघावा आणि असा थापा दिसला तर जुन्या कार्डाने खरवडून स्पिरिटच्या पिशवीत टाकावा.

आपल्या पुरवणीत यापुढे कोणत्याही स्टेट पार्कवर लेख छापताना त्या राज्याचा सरपणाचा नियम, शेकोटीवर सध्या बंदी आहे का हे कुठे बघायचे आणि अन्न ठेवण्याची तिथली सोय, या तीन गोष्टी चौकटीत द्याव्यात, ही विनंती. आणि घरून लाकडे न्यायचा सल्ला आधी छापून गेला असेल, तर त्याची दुरुस्तीही त्याच पानावर यावी.

आपला,
एक वाचक